वार्षिक सभेत मीटर रूमचाही विषय घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, त्यामुळे पुण्यात सध्या सोसायट्यासोसायट्यांत अजेंडे फिरत आहेत. रंगकाम असते, पार्किंग असते, टँकरचे बिल असते. मीटर रूममधील बसबार आणि डक्टमधील (केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतील) इंटरनेटच्या फायबरचा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, मात्र त्यात सापडत नाही. इथला एकच जोड बिघडला तरी अख्खी विंग अडते. वीज आणि फायबर जोडणीच्या कामात रोज असल्यामुळे काही नेमक्या गोष्टी सभासदांपर्यंत पोचाव्यात असे वाटते.

बसबार म्हणजे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी. बाहेरून आलेली मोठी केबल तिच्यावर बसते आणि तिथून प्रत्येक मीटरला वायर जाते. पट्टी सहसा बिघडत नाही, बिघडतो तो बोल्टचा जोड. चांगल्या जोडाचा रोध १० मायक्रोओहमच्या आसपास धरला, तर ४०० अँपिअर वाहताना तिथे १.६ वॅट उष्णता होते. बोल्ट सैल पडून रोध १०० मायक्रोओहम झाला की त्याच प्रवाहाला १६ वॅट. तेवढी उष्णता बोटभर जागेत रोज संध्याकाळी तापते आणि रात्री निवते. तापल्याने धातू फुगतो, निवल्यावर आकसतो, बोल्ट आणखी ढिला होतो. मग स्लीव्ह (जोडावरचे प्लास्टिकचे आवरण) काळी पडते, जळका वास येतो.

ॲल्युमिनियमला तर जास्तच जपावे लागते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. म्हणून पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासायचा, लगेच काँटॅक्ट ग्रीस लावायचे आणि मगच जोडायचे. तांब्याची केबल ॲल्युमिनियमवर येत असेल तर बायमेटल लग (दोन धातूंचे केबलचे टोक) लागतो. नुसता तांब्याचा लग बसवला तर पावसाळी ओलाव्यात ॲल्युमिनियम खाऊन जाते. बोल्ट करकचून आवळणे हाही उपाय नाही. जास्त दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत जोड पुन्हा सैल होतो. १० मिमीच्या पोलादी बोल्टला साधारण ४० न्यूटन-मीटर, किंवा पॅनेल बनवणाऱ्याने दिलेला आकडा, टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) लावावा. बशीच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर घालावा आणि बोल्टवरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे हे विजेरीच्या उजेडातही कळते.

सगळ्यात जास्त लक्ष न्यूट्रलकडे, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेकडे, द्यायला हवे. न्यूट्रलचा जोड तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी एकसरीत जोडल्यासारखी होतात. एका घरात २००० वॅटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात फक्त टीव्ही-राउटर मिळून १०० वॅटचा भार, असे धरा. दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टपैकी सुमारे ३९५ व्होल्ट त्या बिचाऱ्या टीव्हीवर येतात. काही घरांत दिवे मिणमिणू लागले आणि काहींत भगभगीत झाले, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा. एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी आणि चार्जर यांच्यामुळे तिन्ही फेजमधले तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक्स (मूळ प्रवाहाच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह) न्यूट्रलमध्ये एकत्र येतात. त्यामुळे न्यूट्रलची पट्टी फेजच्या निम्म्या जाडीची ठेवायची जुनी पद्धत आता चालणार नाही. ७.४ किलोवॅटचा ईव्ही चार्जर एकटा ३२ अँपिअर घेतो. असे तीन चार्जर एकाच फेजवर गेले तर काय होईल, ते मंजुरी देण्याआधी बघा.

आता फायबरकडे. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो फक्त प्रकाश वाटतो. वाटला की घटतो: दोन वाटे केले (१:२) तर सुमारे ३.५ डीबी, आठ केले (१:८) तर १०.५ डीबी; डीबी हे घट मोजायचे माप. नेहमीच्या जीपॉन यंत्रणेत (एक फायबर अनेक घरांत वाटणारी इंटरनेट यंत्रणा, थोडक्यात पॉन) +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) ने निघालेला प्रकाश १:८ चे दोन टप्पे, ४ किलोमीटर फायबर, कनेक्टर आणि स्प्लाइस (फायबरचे सांधे) ओलांडून घरात उणे २२ च्या आसपास पोचतो. घरातल्या यंत्राला उणे २७ पेक्षा कमी प्रकाश चालत नाही. म्हणजे हातात ५ डीबी उरतात. नव्या ग्राहकासाठी कुणी घाईत मध्येच एक १:२ घातला की ३.५ गेले. त्यात डक्टच्या दाराला केबल चेपली, की स्प्लिटरच्या त्या फांदीवरच्या घरात एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागायला वेळ लागत नाही.

साधी फायबर ३० मिमीपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नये. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच जोडावा, निळ्यात घुसवू नये. प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, धुळीचा कणही त्याला पुरेसा. लिंटविरहित कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. शर्टाच्या टोकाने नव्हे. आणि प्रत्येक फांदीवर फ्लॅट क्रमांकाची पट्टी हवीच. एखाद्या घरातले यंत्र बिघडून अखंड प्रकाश सोडू लागले तर त्याच पॉनवरची सगळी घरे बंद पडतात. अशा वेळी एकेक फांदी काढूनच दोषी सापडतो. पट्टी नसेल तर अख्खा दिवस त्यात जातो.

बाणेर-वाकडच्या उंच इमारतींत बसबार ट्रंकिंग (पेटीत बंद उभा बसबार) आणि फायबर बऱ्याचदा एकाच डक्टमधून वर जातात. फायबरच्या काचेला विजेची बाधा नसते, पण लोखंडी तार असलेली ड्रॉप केबल (घरापर्यंत जाणारी फायबर केबल) वीज वाहू शकते. विजेच्या डक्टमध्ये एफआरपी (वीज न वाहणाऱ्या फायबरग्लास प्लास्टिकच्या) काडीचीच केबल टाकावी. फायबरसाठी स्लॅबला पाडलेली भोके मात्र उघडीच राहतात आणि आगीच्या वेळी त्यातूनच धूर मजल्यामजल्याला चढतो. प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक लुकणाने ती बुजवणे ज्याने भोक पाडले त्याचेच काम आहे, आणि त्याशिवाय त्याचे बिल देऊ नये.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, ते पुन्हा कुठेही शिरू शकते. मीटर रूम भिजली तर गाळ धुऊन, बसबारचे आधार पूर्ण वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) १ मेगाओहमपेक्षा जास्त रोध आल्यावरच पुरवठा सुरू करावा.

सभेत ठराव करायचा तर एवढा करा: वर्षातून एकदा, संध्याकाळी सात ते दहाच्या भारात, परवानाधारक ठेकेदाराकडून थर्मल कॅमेऱ्याने पाहणी. सारखाच भार असताना तिन्ही फेजच्या त्याच जोडात १५ अंशांहून जास्त फरक दिसला तर पुरवठा बंद घेऊन जोड उघडावा. चकचकीत तांब्यावर कॅमेरा फसतो, म्हणून वाचन स्लीव्हवर किंवा टेपवर घ्यावे. मीटरआधीच्या भागाला महावितरणचे सील असते, ते तोडू नये. लेखी अर्ज करावा. स्प्लिटर पेटीतली प्रत्येक फांदीची डीबीएम नोंद आणि बोल्ट आवळल्याची तारीख एकाच कागदावर लिहून मीटर रूमच्या दाराला आतून लावावी.

आपले,
विद्युत जोडणी व फायबरच्या कामातील काही वाचक,
कोथरूड, पुणे