लिंक्डइनवरचे विक्रेते आणि रबाळ्यातलं खरेदी खातं

महोदय,

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी खरेदी खातं सांभाळते. आम्ही स्टेनलेस स्टीलच्या पाइप फिटिंग्ज बनवतो. लिंक्डइनवर माझ्या नावापुढे 'परचेस' असं लिहिलेलं आहे, तेवढ्यावर रोज कोणी ना कोणी काहीतरी विकायला येतं. येऊ देत की. विकणारे आलेच नाहीत तर माझं खातं चालायचं कसं? पण दारावरची पाटी तरी वाचून यावं, एवढंच म्हणणं आहे.

मागे एकदा 20 तारखेला, म्हणजे जीएसटीचं 3बी हे मासिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, एका तरुणाने अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर दाखवायला 'फक्त पंधरा मिनिटं' मागितली. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला 20 तारीख ठाऊक नसावी? दुसऱ्याने पाचशे कामगारांच्या हजेरीची यंत्रणा सुचवली. आमच्याकडे शिपायापासून शेठपर्यंत सगळे एका टेम्पोत मावतील. तिसरीने माझ्या 'प्रेरणादायी प्रवासाचं' इंग्रजीत कौतुक केलं (माझा प्रवास ऐरोली ते रबाळे, एक स्टेशन). तिची कनेक्शनची विनंती स्वीकारली, तर लगेच चार परिच्छेद आणि ब्रोशर. नंतर दर दोन दिवसांनी 'आधीचा मेसेज पाहिलात का?'

याउलट वागळे इस्टेटमधल्या एका स्टील स्टॉकिस्टकडच्या मुलाचा मेसेज पाहा: 'मॅडम, तुमच्या पेजवर 316एलच्या फिटिंग्ज पाहिल्या. 316एलचा राउंड बार गोडाऊनला तयार असतो, हीट नंबरसह टीसी देतो, कट पीसही देतो. तुम्ही पूर्ण बारच घेता का?' (316एल ही स्टेनलेस स्टीलची एक जात, हीट नंबर म्हणजे स्टील वितळवल्याच्या खेपेचा क्रमांक, टीसी म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला.) संपलं. ना 'अग्रगण्य', ना 'जागतिक दर्जा', ना फोनची वेळ मागणं. मी त्याच दुपारी उत्तर दिलं, कारण त्याने नेमकं आमच्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पूर्ण बार घेतला की उरलेली टोकं रॅकवर पडून राहतात आणि शेवटी भंगाराच्या भावात जातात. भाव, उधारीचे दिवस, वाहतूक हे सगळं नंतर फोनवर ठरलं. पहिल्या मेसेजचं काम उत्तर मिळवण्याचं. ऑर्डर मिळवण्याचं ओझं त्याच्यावर टाकलं की तो चार परिच्छेदांचा होतो.

त्या पोरांना तरी किती बोलणार? दिवसाला इतके मेसेज गेलेच पाहिजेत, असं टार्गेट वरून येतं. मग एकच मजकूर नाव बदलून सगळ्यांना. काही ठिकाणी तेही सॉफ्टवेअरवर सोपवतात. अशा आपोआप पाठवण्याला लिंक्डइनच्या नियमांत बंदी आहे, खातं अडकू शकतं, आणि ते अडकतं त्या पोराचं, साहेबाचं नाही.

गंमत म्हणजे लिंक्डइनचा स्वतःचा हिशेब वेगळा आहे. ओळख नसलेल्या माणसाला पाठवायच्या इनमेलला (लिंक्डइनच्या सशुल्क मेसेजला) पाठवणाऱ्याचं एक क्रेडिट खर्च होतं आणि समोरच्याने 90 दिवसांत उत्तर दिलं तर ते परत मिळतं. नकार दिला तरी मिळतं. म्हणून नीट लिहिलेल्या इनमेलला मी 'सध्या नको' एवढं तरी आवर्जून कळवते. बाकीचे तसेच पडून राहतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या विक्री प्रमुखांना माझी विनंती आहे की महिनाभर गेलेले मेसेज मोजणं बंद करून आलेली उत्तरं मोजून पाहा. पोरांना दिवसाला दहाच नावं द्या, पण त्या दहा कंपन्या काय बनवतात, कच्चा माल कुठला लागतो, हे वाचायला वेळ द्या. आणि मराठीत लिहिलेलं आम्हाला चालतं.

जाता जाता, पिकलिंग-पॅसिव्हेशनचं (स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग आम्लाने साफ करून गंजरोधक करण्याचं) जॉबवर्क वेळेवर करून देणारा माणूस आम्हाला खरोखरच हवा आहे.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई