रोज अर्धा तास कोड : चौकटी मोजू नका, प्रोग्रॅम चालतो का ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरकपातीच्या बातम्या वाढल्या की ‘कोडिंग शिका, रोज सराव करा’ हा सल्लाही वाढतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट आहे. रोज म्हणजे किती वेळ, नेमकं काय लिहायचं आणि गाडी कुठे अडते, हे त्यात नसतं. मग उत्साहाने धरलेली सवय दोन-तीन आठवड्यांत सुटते आणि आधीच धास्तावलेला माणूस ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून मोकळा होतो. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या आम्हा काही वाचकांना म्हणून हे तपशिलात लिहावंसं वाटलं. कोड लिहिता आला म्हणजे नोकरी नक्की, असं आश्वासन आम्ही देणार नाही आणि कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नये.

वेळ अर्धा तास पुरतो. सुट्टीच्या दिवशी सलग पाच तास बसण्यापेक्षा तो बरा, कारण कोड लिहिताना बरंच काही डोक्यात धरून ठेवावं लागतं : कोणतं फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) कुठून बोलावलं जातं, कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) काय आहे, काल कोणती एरर आली होती. आठवड्याने बसलं की पहिला तास ही जुळवाजुळव करण्यातच जातो. रोज बसणाऱ्याचं ते पाच मिनिटांत होतं. म्हणून पहिली पाच मिनिटं कालची चिठ्ठी वाचून प्रोग्रॅम एकदा चालवून बघायला ठेवावीत. पुढच्या वीस मिनिटांत एकच बदल करायचा. शेवटच्या पाच मिनिटांत प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, कमिट करायचं (म्हणजे झालेला बदल गिट या साधनात नोंदवायचा; त्याबद्दल पुढे) आणि उद्यासाठी एक ओळ लिहायची. ‘पुढचं काम बाकी’ ही चिठ्ठी निरुपयोगी. ‘तारखेचा रकाना रिकामा असला की प्रोग्रॅम पडतो, आधी ती ओळ वगळून बघ’ ही चिठ्ठी कामाची. जमलं तर एखादी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) मुद्दाम नापास ठेवून उठावं. दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच उरत नाही.

लिहायचं काय? रोज नवं कोडं सोडवण्यापेक्षा स्वतःच्या उपयोगाचा एकच छोटा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने वाढवत नेणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. घरखर्चाची वही घ्या. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) वाचायची, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत महिनावार बेरजा करायच्या, मग नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाकायच्या. एसक्यूलाइट वापरण्याचं मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. काम साधं दिसतं, पण पहिल्याच आठवड्यात ते शिकवायला लागतं. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की ०.३ येत नाही; ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग ४ येतो. एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसा ०.१ बायनरीत (संगणकाच्या ० आणि १ च्या पद्धतीत) संपत नाही, त्यामुळे संगणक जवळची संख्या साठवतो. म्हणून रक्कम नेहमी सर्वांत लहान नाण्याच्या हिशेबात, पूर्णांक म्हणून साठवावी, किंवा पायथॉनमधला डेसिमल हा दशांश अचूक साठवणारा प्रकार वापरावा.

खर्चाची नावं मराठीत लिहिली तर आणखी एक दालन उघडतं. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी पायथॉनला विचारा. डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात, उत्तर ६ येतं : न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. हाच शब्द उलटा केला तर मात्रा सुटी होऊन सर्वांत पुढे येते. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असं सांगितलं नाही तर विंडोजवर बऱ्याचदा मराठी मजकुराचा चुराडा होतो. देवनागरीत लिहिलेला १२ हा आकडा पायथॉनचं इंट हे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन बिनतक्रार १२ म्हणून घेतं, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं नंबर हे फंक्शन मात्र ‘हा आकडा नाही’ असं उत्तर देतं. अशी एकेक गाठ सोडवायला एकेक दिवस लागतो. तो दिवस फुकट गेला असं मुळीच समजू नये.

आता गिटबद्दल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलेलं, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं हे साधन पहिल्या दिवसापासून वापरावं. पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोर फाइल (गिटने कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) करावी आणि पासवर्ड किंवा एपीआय की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल तीत नोंदवावी. चुकून की कमिट झालीच, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच राहते. ती की लगेच रद्द करून नवी घ्यावी. कमिटचा संदेश ‘बदल केले’ असा नको. काय बदललं आणि का, हे एका ओळीत यावं, कारण तीन महिन्यांनी ते वाचणारे आपणच असतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसाची चौकट हिरवी होते. या हिरव्या चौकटींचा नाद फार लागतो. कधी कधी काम करूनही चौकट हिरवी होत नाही आणि नवशिका हिरमुसतो. कारण बहुधा क्षुल्लक असतं : गिटमध्ये घातलेला ईमेल खात्यातल्या ईमेलशी जुळत नाही, किंवा काम मुख्य शाखेवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) न होता दुसऱ्याच शाखेवर झालेलं असतं. पण मुळात या चौकटींनी फारसं काही सिद्ध होत नाही. कमिटवर हवी ती तारीख घालता येते. सलग किती दिवस काम केलं हा आकडा गिटहबनेच २०१६ मध्ये प्रोफाइलवरून काढून टाकला. साखळी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला व्हेरिएबलचं नाव बदलून केलेलं कमिट म्हणजे सराव नव्हे.

एखादा दिवस चुकला तर? सवय २१ दिवसांत लागते, हे ऐकीव आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना १२ आठवडे खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय लावून पाहिली. मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) आला ६६ दिवस, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत; १२ आठवड्यांपुढचे दिवस हा गणिताने काढलेला अंदाज आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष नुकसान झालं नाही. कोडिंग त्याहून अवघड, तेव्हा घाई करू नये. आजारपण, पाहुणे, जादा काम अशा दिवशी पाच मिनिटांत प्रोग्रॅम चालवून एक टेस्ट लिहिली तरी धागा तुटत नाही. तेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी अर्धा तासच बसावं. दुप्पट बसून भरपाई करू नये.

एआय सहायक हाताशी असतातच. त्यांना विचारण्याआधी वीस मिनिटं स्वतः झगडावं. पायथॉनची एरर खालून वर वाचावी, कारण नेमकी चूक सांगणारी ओळ शेवटची असते. तयार उत्तर मिळालं तर ते न चिकटवता हाताने टाइप करावं, आणि इनपुट बदललं तर काय छापून येईल हे आधी कागदावर लिहून मग चालवावं. अंदाज चुकला की तिथे आपल्याला काय कळलेलं नाही, ते सापडतं.

अडचणीच्या काळात फसवणारेही सरसावतात. नोकरीच्या हमीवर कर्ज काढायला लावणाऱ्या अभ्यासक्रमांपासून दूर राहावं; पायथॉन, गिट आणि एसक्यूलाइट मोफत आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात. अनोळखी ‘भरती अधिकारी’ चाचणीसाठी तयार प्रोजेक्ट पाठवतो आणि चालवायला सांगतो, तेव्हा विशेष सावध राहा. एनपीएम या जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने इन्स्टॉल करताना पॅकेजमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात आणि साठवलेले पासवर्ड पळवू शकतात. असा कोड आधी वाचावा, चालवायचाच तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या वेगळ्या आभासी संगणकात). नोकरी चालू असेल तर करारपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचावं, आणि स्वतःचं काम स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळेतच करावं.

तीन महिन्यांनी रीडमी फाइल लिहावी : प्रोग्रॅम काय करतो, कसा चालवायचा, काय अजून येत नाही. मग तो दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर, त्या माणसाला फक्त रीडमी देऊन चालवायला सांगावं आणि आपण गप्प बसून बघावं. पहिल्या वेळी तो बहुधा चालत नाही. फाइलचा पत्ता आपल्याच संगणकावरचा लिहिलेला असतो, नाहीतर लागणाऱ्या लायब्ररींची यादी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये घालायची राहिलेली असते. दुसऱ्या दिवसाच्या अर्ध्या तासाचं काम तिथेच मिळतं.

आपले,
प्रोग्रॅमिंग शिकवणारे काही वाचक