सलाइनचं चाक फिरवू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो, हो" म्हणतात आणि आईला नेमका कुकर आठवतो. म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, सात वाजताच्या बातम्या चुकू नयेत म्हणून सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवून वेग वाढवता ना, ते आजपासून बंद. गॅनसायक्लोव्हिर, म्हणजे सीएमव्ही या विषाणूवरचं तुमचं औषध, निदान एक तास सावकाश गेलंच पाहिजे. घाईनं गेलं की रक्तातलं प्रमाण एकदम चढतं आणि अपाय होतो. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. तुमची भिस्त एका किडनीवर, आणि तीही आईनं दिलेली! तिच्या भांड्यांना एवढं जपता, मग हिला का नाही?

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, तर डोस कमी करावा लागतो, म्हणून ती तपासणी. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचं, कारण वेगळं. हे औषध सीएमव्हीला आवरतं, पण अस्थिमज्जेलाही दाबतं. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स उतरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे "बरं वाटतंय, या आठवड्यात रक्त नको" हे चालणार नाही. ताप १००.४ वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. आणि ज्या हातात पिक लाइन, म्हणजे सलाइनसाठी आत ठेवलेली बारीक नळी आहे, त्या हातावर कुणालाही बीपी घेऊ देऊ नका.

आई, सिस्टरांना हातभार म्हणून तू पिशवी उचलतेस, तेव्हा ग्लोव्हज घालच. औषधाचा पीएच ११ च्या आसपास असतो, कातडीला झोंबतं. सांडलं तर लगेच साबण-पाण्यानं धू, डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्यानं, भरपूर. गुरुवारी पाणी बंद असेल तर बादली आधीच भरून ठेव. वापरलेली नळी, सुई, ग्लोव्हज आपल्या डस्टबिनमध्ये नकोत. सकाळी येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई तो कचरा हातानं निवडतात. सिस्टरांनी आणलेल्या डब्यातच सगळं टाका, ते त्यांच्याबरोबरच परत जाऊ दे.

आता नाजूक गोष्ट. वहिनीनं या औषधाला हात लावायचा नाही, सांडलेलं पुसायचंही नाही. पोटातल्या बाळाला त्यापासून धोका असू शकतो. हे तिला दादा सांगेल, मी त्याच्याशी बोलले आहे. तू सांगितलंस तर तिला वाटेल, सासूबाई सोवळं पाळताहेत.

बाबांना पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचार, शेजारच्या काकूंना नाही. काकू प्रेमळ आहेत, पण सगळ्यांनाच सब्जा देतात.

सोमवारचा रिपोर्ट आला की पूर्ण कागदाचा फोटो पाठवा. "नॉर्मल आहे" एवढ्यानं माझं भागत नाही.

तुमची,
सई