पोस्टात न पडलेलं कार्ड

देवगड
१० ऑगस्ट २०२५

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार बोलली नाहीस, पण जेवढं बोललीस तेवढं डोक्यातून जात नाही. "बाबा, तासाला सगळं भराभर पुढे जातं. मी हात वर करत नाही. एकदा केला तर मागचे हसले." आणि लगेच तू पावसाचं विचारलंस. पाऊस आहे. आजी काल देवळात जाऊन तुझ्यासाठी कौल लावून आली. "देवान उजवो कौल दिल्यान, तिका सांग, घाबरा नको." निरोप पोचवला. आता माझं ऐक.

पाकिटात एक जुनं पोस्टकार्ड ठेवलंय, १५ पैशांचं. पत्ता घातलेला, पण पोस्टाचा शिक्का नाही. एसटीत कंडक्टर होतो, तेव्हाची, तिकिटाचं मशीन हातात येण्याआधीची माझी पत्र्याची तिकीटपेटी माळ्यावर आहे ना, तिच्या तळाशी होतं. २० मे ला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हाच मी ते शोधायला चढलो होतो. आंब्याच्या रिकाम्या खोक्यांमागे पेटी सापडेना, उतरलो. तुझा फोन झाल्यावर परत चढलो.

त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलेलं, असतील आपल्याच बाजूचे, नारळाच्या बागेवाले. निघाले कोल्हापूरचे, जन्म १९ जुलै १९३८. देवगड–कोल्हापूर गाडीवर मी किती वर्षं काढली, त्यामुळे तेही जवळचंच वाटलं. वाढले मात्र बनारसला. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख, आई संस्कृतच्या जाणकार. घरात एक फळा होता. त्यांचे मोरूमामा त्यावर भाच्यासाठी कोडं लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत, पुसायचे नाहीत. आपल्याकडे फळा कुठला? तुझे पहिले भागाकार वेबिलाच्या, म्हणजे माझ्या तिकीट-हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर झाले. पुढे केंब्रिज, १९६० चं टायसन पदक, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली डॉक्टरेट, हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तर कार्डावरचा प्रश्न. तो फोंडा घाटातला आहे. गाडी भरलेली, मी मधल्या वाटेत उभा राहून तिकिटं फाडतोय, आणि वळणावर समोरून ट्रक आला. ड्रायव्हर मास्तरांनी करकचून ब्रेक मारला. मी पेटीसकट थेट ड्रायव्हरच्या मागच्या जाळीवर. सुटे पैसे गाडीभर. प्रवाशांनी गोळा करून दिले, तरी संध्याकाळी हिशेबात सव्वा रुपया कमी आला, तो मीच भरला. त्या रात्री वस्तीला टपावर आडवा झालो, गुडघा ठणकत होता, झोप नव्हती, वर चांदणं. शाळेत शिकवलेलं आठवलं: जडत्व. गाडी थांबली, मी नाही थांबलो. ठीक. पण थांबली म्हणजे कशाच्या मानाने? रस्त्याच्या. रस्ता तर पृथ्वीबरोबर गरगरतोय. समजा रस्ता नाही, पृथ्वी नाही, वर एकही तारा नाही, अख्ख्या पोकळीत आमची एकच लाल गाडी. मग ब्रेक लागला की नाही हे ठरवणार कोण? आणि मी तेव्हाही जाळीवर आपटलो असतो का?

मास्तरांना सकाळी विचारलं. ते म्हणाले, "चहा घे."

पुढे ग्रंथालयात नारळीकरांचं लिखाण हाती लागलं आणि अंगावर काटा आला. हाच प्रश्न माख नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता! त्याचं म्हणणं, जडत्व येतं ते दूरदूरच्या ताऱ्यांमुळे. आइनस्टाइनला ही कल्पना भारी आवडली, पण त्याच्या समीकरणांत ती पुरती बसली नाही. हॉयल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये ती बसवून दाखवायचा घाट घातला. कणाचं वस्तुमान त्याचं एकट्याचं नसतं, विश्वातल्या बाकीच्या सगळ्या कणांमुळे ते त्याला मिळतं, असा त्यांचा सिद्धांत. म्हणजे त्या दिवशी माझा गुडघा फुटला त्यात कुठल्या कुठल्या दीर्घिकांचा हात होता. हे वाक्य शास्त्राला धरून नसेल. तू दुरुस्त कर.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. १९६४ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉयलनी हा सिद्धांत मांडला. सभा मोठमोठ्या लोकांची. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थी काठीच्या आधाराने उठला आणि म्हणाला, बाकीच्या सगळ्या कणांच्या वाट्याची तुमची ही बेरीज अनंतात जाते. विश्व प्रसरण पावतंय म्हटल्यावर ती धड उत्तर देणारच नाही. तो स्टीफन हॉकिंग. केंब्रिजला त्याची खोली नारळीकरांच्या खोलीजवळच, गणितं त्याने तिथेच पाहिलेली. खरं तर त्याला हॉयलच मार्गदर्शक हवे होते, मिळाले नव्हते. हॉयल चिडले म्हणतात. साहजिक आहे. पण बघ, तो उठला तेव्हा विद्यार्थीच होता, आणि बोलणंही त्याला आजाराने जड जात होतं.

नारळीकरांचं पुढचं मला त्याहून मोठं वाटतं. १९६५ च्या जानेवारीत, वयाच्या २६ व्या वर्षी, पद्मभूषण. देशभर कौतुक. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या दोघांना आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येणारं मंद प्रारण, म्हणजे रेडिएशन, सापडल्याचं जाहीर झालं, शून्याखाली २७० अंशांचं. विश्वाला आरंभ होता, महास्फोट झाला, असं मानणाऱ्यांचं पारडं जड झालं. हॉयल आणि नारळीकर स्थिर स्थितीच्या बाजूचे, विश्वाला सुरुवातच नाही म्हणणारे. बहुतेक जग पलीकडे गेलं. हे अलीकडेच राहिले, १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्बिजना घेऊन तीच कल्पना सुधारून परत मांडली, तीही फारशी कोणी उचलली नाही. माणूस कडवट झाला असता. नारळीकरांनी मात्र १९७२ ला देशात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शिकवलं, १९८८ पासून पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि तिथे महास्फोट मानणाऱ्यांनाच जागा, पैसा, दुर्बिणी मिळवून दिल्या. त्यांची बाजू बरोबर होती की नाही, मला कंडक्टरला काय कळणार? पण विरोधात बसणाऱ्याला गाडीत जागा देणारा माणूस मी फार कमी पाहिला, आणि मी रोज गाडीत माणसंच पाहत होतो.

आजीला सांगू नकोस, पण कौलावरून आठवलं. २००८ साली त्यांनी दाभोलकरांच्या मंडळींबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका, त्या पाहून मूल कुठलं ते ओळखायचं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

तर कार्ड. मुलांनी सही मागितली की ते द्यायचे नाहीत. सांगायचे, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. हे वाचून १९९४ मध्ये मी हे लिहिलं. मग टपालपेटीसमोर उभा राहिलो आणि वाटलं, ही सवलत मुलांसाठी आहे. आपण अठ्ठावीस वर्षांचे, खाकी कपड्यातले, वर व्याकरण असं. नाव खोटं घालावं असंही मनात आलं. नाव त्यांनीही एकदा बदललं होतं, १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' म्हणून गोष्ट पाठवली, आद्याक्षरं उलटी करून, वर अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस आलं. पण त्यांना नावामुळे बक्षीस नको होतं, आणि मला नावाची लाज वाटत होती. कार्ड तिकीटपेटीच्या तळाशी गेलं, ते एकतीस वर्षं.

आता उत्तर द्यायला ते नाहीत. हे कार्ड तुझ्या वर्गात ने. तुला जे विचारायला जड जातं ते नंतर विचार, आधी माझा प्रश्न विचार. मागचे हसले तर सांग, वडिलांचा आहे, एसटीत होते. मला आता काही वाटत नाही. आयुकातला तो लांब दोरीचा लंबकही एकदा जाऊन बघ, जो पृथ्वी खाली फिरली तरी आपला झोका सोडत नाही म्हणतात. बघून मला लिही, तो नक्की कोणाच्या मानाने स्थिर असतो.

गणपतीला २५ तारखेच्या रात्रीच्या गाडीचं तुझं आरक्षण केलंय. खिडकीची जागा आहे, चाकावरची नाही. कार्ड येताना घेऊन ये, मागच्या बाजूला जागा आहे, उत्तर तिथेच लिही.

तुझा,
बाबा