सामू (pH) ७ च यायला पाहिजे असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

माझी भाची बारावी सायन्सला आहे, परवा प्रॅक्टिकलला ०.१ मोलरचं २५ मिली ॲसिटिक ॲसिड, तेवढ्याच मोलरच्या (म्हणजे तेवढ्याच तीव्रतेच्या) सोडियम हायड्रॉक्साईड या अल्कलीने टायट्रेट करायचं होतं, म्हणजे आम्ल पुरतं संपेपर्यंत किती अल्कली लागते ते मोजायचं, आणि फिनॉल्फथॅलिन हा दर्शक (रंग बदलून आम्ल संपल्याचं दाखवणारं रसायन) संपला म्हणून मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक दिला. जेमतेम ८ मिलीतच रंग पिवळा झाला, खरं तर २५ मिली लागतात! मॅडम म्हणाल्या ॲसिड खराब असेल. पोरगी रडवेली होऊन घरी आली.

ॲसिड बरोबरच होतं हो. मिथिल ऑरेंजचा रंग सामू (आम्लता मोजायचं माप; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ३.१ ते ४.४ मधेच बदलतो, आणि ॲसिटिकसारखं सौम्य आम्ल अर्धं संपतं तेव्हाच सामू ४.७६ असतो, मग रंग आधीच बदलणार ना. सगळं आम्ल संपल्यावर उरतो ॲसिटेट, तो पाण्यातून हायड्रोजन आयन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साईड राहतो, म्हणून तिथे सामू ७ नाही तर साधारण ८.७ येतो. तिथे फिनॉल्फथॅलिनच पाहिजे, फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं.

‘उदासिनीकरण (आम्ल आणि अल्कलीने एकमेकांना संपवणं) म्हणजे सामू ७’ एवढंच पोरांकडून घोकून घेतात याचं फार वाईट वाटतं. शाळा-कॉलेजांनी निदान दर्शकाची बाटली तरी वेळेवर मागवावी ही कळकळीची विनंती.

— एक मामा, सातारा