लपवायचा सल्ला नको

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत लग्नाविषयीच्या सल्ल्याच्या सदरात एका मुलाचा प्रश्न होता. लग्न ठरलंय, मुलगी मनापासून देवाधर्माचं करणारी आणि याचा देवावर विश्वास नाही. ‘तुम्ही आरतीला उभे राहाल ना?’ असं तिने विचारलं, तेव्हा त्याने हसून वेळ मारून नेली. आता तिला सांगावं की नाही? आपल्या सल्लागारांचं उत्तर : आत्ता विषय काढू नका, संसाराला लागलात की सगळं आपोआप जुळतं. वाचून मी फार अस्वस्थ झाले.

नेमका हाच सल्ला चार्ल्स डार्विनला त्याच्या वडिलांनी दिला होता. वडील डॉक्टर होते, त्यांनी अनेक घरांतलं दुःख आतून पाहिलं होतं. नवराबायकोचं बरं चाललेलं असतं, पण दोघांपैकी कुणी आजारी पडलं की नवऱ्याच्या आत्म्याचं काय होणार या घोराने काही बायका झुरतात, म्हणून धर्माबद्दलच्या शंका मनातच ठेव, असं त्यांनी मुलाला बजावलं. यात मुलाचं भलं व्हावं एवढाच हेतू होता, हे मला मान्य आहे.

चार्ल्सने ते ऐकलं नाही. एमा वेजवूड ही त्याची सख्खी मामेबहीण. ११ नोव्हेंबर १८३८ रोजी त्याने मागणी घातली, तिने होकार दिला आणि त्याच महिन्यात तिने त्याला एक पत्र लिहिलं. एमाची थोरली बहीण फॅनी १८३२ मध्ये गेली होती आणि मेल्यावर पुन्हा भेट होईल या विश्वासावर एमाने ते दुःख सोसलं होतं. ज्याच्याशी जन्माची गाठ बांधायची, तोच या विश्वासात आपल्यासोबत नसेल तर? प्रामाणिक शंका हे पाप असू शकत नाही असं माझी बुद्धी सांगते, पण आपल्या दोघांत एक दुखरी पोकळी राहील याची भीती वाटते, असं तिने लिहिलं. त्याच पत्रात तिने त्याचे मनापासून आभारही मानले, कारण तो मोकळेपणाने बोलला होता. मला वाईट वाटेल म्हणून तू मतं लपवतोयस असं वाटत राहिलं असतं, तर ते मला जास्त जड गेलं असतं, असं तिचं म्हणणं.

हे वाक्य आपल्या सल्लागारांनी जरूर वाचावं. एमाला धीर आला तो चार्ल्सच्या खरेपणामुळे. तिने आपल्या मावशीला कळवलं होतं की इतका निर्मळ माणूस मी पाहिला नाही, त्याचा शब्दन्‌शब्द मनातला असतो. चार्ल्सनेही लग्नाच्या नऊ दिवस आधी तिला लिहिलं, तू मला माणसात आणशील. एकट्याने गुपचूप सिद्धान्त रचत बसण्यापेक्षा मोठं सुख असतं हे मला शिकवशील. २९ जानेवारी १८३९ ला त्यांचं लग्न झालं.

एमाची शंका पुढे विरून गेली असं मुळीच नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने पुन्हा त्याच काळजीने पत्र लिहिलं. चार्ल्सने ते जन्मभर जपलं आणि त्यावर लिहून ठेवलं की माझ्यामागे तुला कळू दे, मी याचं कितीदा चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय. १८४४ मध्ये उत्क्रांतीवरचा निबंध लिहून झाला, तेव्हा मी अचानक गेलो तर चारशे पौंड खर्चून हा छापून घे, अशी लेखी विनंतीही त्याने एमालाच केली. तिच्या श्रद्धेला धक्का देणारं लिखाण त्याने तिच्याच हाती सोपवलं! वडिलांची भीती निराधार नव्हती. चार्ल्स वर्षानुवर्षं आजारी असायचा आणि एमाचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पण आपल्याला फसवलं गेलं, असं म्हणायची वेळ तिच्यावर आली नाही.

मी वधू-वर सूचक मंडळाचं काम करते. स्थळाच्या कागदावर वरती ‘श्री गणेशाय नमः’ आईने छापून घेतलेलं असतं आणि मुलगा कधी देवापुढे हातही जोडत नाही. मग लग्नानंतरचा सत्यनारायण येतो. चौरंगाला केळीचे खांब बांधलेले, नवी सून नऊवारी नेसून पाटावर बसलेली, गुरुजी यजमानांना हाका मारताहेत आणि नवरामुलगा गच्चीवर जाऊन बसलेला. भरल्या घरात त्या मुलीला जे कळतं, ते आधी चहाच्या कपावर कळलं असतं तर तिला विचार करायला, भांडायला, हवं तर नाही म्हणायला वेळ मिळाला असता.

तेव्हा पुढच्या रविवारी त्या मुलासाठी नवं उत्तर छापावं, ही कळकळीची विनंती. साखरपुड्याआधी तिला भेट, आरतीबद्दल काय ते सरळ सांग आणि ती जे विचारेल त्याला खरं उत्तर दे, एवढं त्यात असावं.

– एक वाचक, सांगली