केनोच्या बक्षीस-तक्त्यामागचे गणित

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लास व्हेगासच्या प्रवासलेखात ‘केनो’ हा आकडे काढण्याचा खेळ थोडक्या पैशांत वेळ घालवण्याचे निरुपद्रवी साधन म्हणून वर्णिला आहे. खेळाचे नियम लेखात अचूक आले आहेत. परंतु बक्षिसांचा तक्ता कसा वाचावा, हे सांगायचे राहून गेल्याने तिकडे जाणाऱ्या वाचकांचा गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून हे पत्र.

१ ते ८० या आकड्यांपैकी पसंतीच्या आकड्यांवर खेळणाऱ्याने तिकिटावर खुणा करायच्या, त्यानंतर ८० चेंडूंतून २० चेंडू काढले जातात आणि किती आकडे जुळले त्यावर बक्षीस ठरते. एकच आकडा लावल्यास तो निघण्याची शक्यता चारांत एक असते. त्यावर प्रचलित तक्त्यानुसार एका डॉलरला तीन डॉलर मिळतात आणि या तिनांत आपण लावलेला डॉलरही धरलेला असतो. म्हणजेच एकेक डॉलर लावून शंभर सोडती खेळणाऱ्याच्या हाती सरासरी ७५ डॉलर परत येतात. दोन आकडे लावून दोन्ही निघाल्यास बहुधा बारा पट रक्कम मिळते. ती शक्यता सुमारे १६.६ मध्ये एक असल्याने शंभरातले ७२च परत येतात. एका शून्याच्या रुलेटमध्ये (आकडे लिहिलेल्या फिरत्या चाकावरील खेळात) शंभरामागे सरासरी २.७० डॉलरच जातात, हे पाहिले म्हणजे ‘स्वस्त’ समजला जाणारा हा खेळ किती महाग पडतो ते ध्यानात येईल.

दहा आकड्यांच्या तिकिटावरील मोठी रक्कम पाहून माणूस मोहात पडतो. दहाही आकडे जुळण्याची शक्यता सुमारे ८९ लाख ११ हजारांत एक आहे. रोज शंभर सोडती खेळल्या, तरी सरासरीने २४४ वर्षांत एकदा. पाच आकड्यांपासून बक्षीस सुरू करणाऱ्या तक्त्यात शंभरांतील ९३हून अधिक तिकिटे पूर्णपणे वाया जातात.

मागच्या सोडतींचे आकडे पाहून ‘बरेच दिवस न आलेला’ आकडा लावण्याच्या सल्ल्याबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण तो सल्ला शहाणपणाचा भासतो. प्रत्येक सोडतीत ८०ही चेंडू नव्याने घातले जातात, त्यामुळे कोणत्याही आकड्याची शक्यता पुन्हा चारांत एकच राहते. शिवाय कोणत्याही वेळी पाहिले, तरी मागील दहा सोडतींत एकदाही न आलेले सरासरी चार-पाच आकडे सापडणारच. त्यांत आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

आणखी एक बाब तिकीट घेण्यापूर्वी तपासावी. अनेक कॅसिनोंमध्ये एका सोडतीतील सर्व विजेत्यांना मिळून द्यावयाच्या रकमेवर कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडली गेल्यास तक्त्यातील रक्कम विभागून मिळते. हा नियम बहुधा तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतो.

यापुढे पुरवणीत कॅसिनोतील खेळांवर लेख आल्यास प्रत्येक खेळात शंभर रुपयांमागे सरासरी किती परत येतात, ही चौकट सोबत छापावी, अशी आग्रहाची विनंती आहे. तेवढे आकडे समोर असले, तर खेळायचे की नाही याचा निर्णय वाचक स्वतः घेऊ शकतील.

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर